एक रात्र उघड्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री आम्ही काही जण फोंड्याजवळच्या एका शाळेच्या पटांगणात उघड्यावर झोपतो आणि त्या निमित्ताने बेघर माणसांसाठी पैसे गोळा करतो. बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात लोक आम्हाला जे विचारतात त्याची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. टोचणारे प्रश्न मुद्दाम आधी घेतले आहेत.

एक रात्र बाहेर झोपून बेघर माणसाचं दुःख कळतं का?

नाही. कळलं असं कुणी म्हणू लागला तर आम्ही त्याला तिथंच थांबवतो. तुमच्या खिशात घराची किल्ली असते. पटांगणाला फाटक असतं आणि फाटकाशी आमची दोन माणसं रात्रभर जागी असतात. सकाळी घरी जाऊन कढत पाण्याने अंघोळ करायची हे तुम्हाला ठाऊक असतं. रस्त्यावर झोपणाऱ्याच्या रात्रीत यातलं काही नसतं. त्याला पहाटे चारला कुणीतरी पायाने ढोसून उठवतं. त्याची पिशवी उशाखालून जाते, आणि त्या पिशवीत बहुतेक वेळा आधारकार्ड असतं.

एवढं मात्र होतं की रात्र किती लांब असते हे शरीराला कळतं. दोन वाजलेत असं वाटून घड्याळ पाहावं तर साडेबारा झालेले असतात. ज्याने हे अनुभवलं त्याची पैसे मागायची भाषा बदलते, असं मी दरवर्षी पाहते.

मग झोपायचंच कशाला? सरळ देणगी मागा की.

मागून पाहिली. लोक शंभर रुपये देतात, पावती घेतात, विषय संपतो. पण शेजारच्या टेबलावरचा माणूस “मी शनिवारी बाहेर झोपणार आहे” म्हणाला की समोरचा “का रे बाबा?” विचारतोच, आणि त्या “का”चं उत्तर देता देता बरंच बोलणं होतं. देणगीपेक्षा मला ते बोलणं महत्त्वाचं वाटतं.

कल्पना आमची नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीला २००६ साली कंपन्यांच्या प्रमुखांनी अशी रात्र काढायला सुरुवात केली. डिसेंबर २०१७ मध्ये एडिंबरोच्या एका बागेत सुमारे आठ हजार माणसं गोठवणाऱ्या थंडीत झोपली, आणि ७ डिसेंबर २०१९ ला जगातल्या कितीतरी शहरांत एकाच रात्री हे झालं. तिकडे यावर टीकाही झाली, आणि ती रस्त्यावर राहून आलेल्या माणसांनीच केली : आमचं जगणं तुमच्यासाठी एका रात्रीची सहल आहे का? ही टीका आम्हाला मान्य आहे. आमचे निम्मे नियम त्यातूनच आले आहेत.

तसं पाहिलं तर रात्र बाहेर काढणं गोव्याला नवं नाही. जत्रेला देवळाच्या मांडवात पहाटेपर्यंत नाटक बघत, तिथंच अंग टाकत आपण मोठे झालो. जुन्या गोव्याच्या फेस्ताला लोक मैलोन् मैल चालत जातात. देवासाठी बाहेर राहायची सवय आपल्याला आहेच.

गोव्यात बेघर आहेतच कुठे?

रात्री साडेअकरानंतर मडगावच्या रेल्वे स्टेशनाबाहेर जा. पणजीच्या कदंब बसस्थानकाच्या आसपास, म्हापशाच्या बाजारात शटर पडल्यावर, वास्कोच्या दुकानांच्या पायऱ्यांवर बघा. दिवसा हीच माणसं हमाली करताना, मासळी उतरवताना, भांडी घासताना तुम्ही पाहिलेली असतात. ती रात्री कुठे जातात हा प्रश्न आपल्याला कधी पडलेला नसतो, इतकंच.

जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे जो घर म्हणता येईल अशा जागेत राहत नाही तो : रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपात, जिन्याखाली, पुलाखाली, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर झोपणारा. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशभर ही मोजणी झाली आणि आकडा आला सुमारे १७ लाख ७० हजार. एका रात्रीत, बॅटरी घेऊन, झोपलेल्यांना उठवून केलेली मोजणी ती! बांधकामावर राखणीला म्हणून झोपलेला, हॉटेलच्या स्वयंपाकघरामागे पोत्यांवर झोपलेला माणूस अशा मोजणीत सहज सुटतो.

गोव्याची एक गोष्ट मात्र वेगळी आहे. इथं कितीतरी जणांना नोकरीबरोबरच छप्पर मिळतं. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये (झोपडीवजा खानावळीत), हॉटेलात, गेस्टहाऊसमध्ये काम करणारा पोरगा ऑक्टोबरपासून मेपर्यंत मालकाने दिलेल्या खोलीत सहा जणांबरोबर राहतो. सीझन संपला की काम जातं आणि त्याच दिवशी खोलीही जाते. गावी जायला पैसे असले तर तो जातो. नसले तर पाऊस सुरू होताना तो रस्त्यावर असतो.

पण हे सगळे बाहेरचेच ना?

नाहीत. इथल्याच गावांतली म्हातारी माणसं त्यांत आहेत. घर आठ वारसांच्या नावावर, चार परदेशात, दोघांचं कोर्टात चाललेलं, दाराला कुलूप, आणि ज्या मावशीने चाळीस वर्षं त्या घरात चूल पेटवली तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. दारूपायी घर सुटलेले पुरुष आहेत, मारहाणीला कंटाळून निघालेल्या बायका आहेत. आणि जे गदग, विजापूर, झारखंड, ओडिशाहून आलेत, त्यांनीच आपल्या घरांचे स्लॅब ओतले आहेत.

बेघर म्हणजे भिकारीच ना?

आम्हाला भेटलेल्यांतले बहुतेक कामकरी आहेत. गोव्यात १९७२ पासून भीकबंदीचा कायदा आहे, आणि त्याच्या भीतीने काम करणारा माणूससुद्धा पोलीस दिसला की अंथरूण गुंडाळून उठतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तिथं लागू असलेल्या अशाच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता होता. इथंही तसं व्हावं असं माझं मत आहे.

सरकारची निवारागृहं असतात ना?

नियम चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावलं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, आणि तो फक्त थंडीपुरता नको, बारा महिने चोवीस तास हवा. २०१३ मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियान आलं, त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना झाली आणि माणशी ५० चौरस फूट जागेचं प्रमाण ठरलं.

आता हा लाखाचा हिशेब गोव्याला लावून बघा. २०११ च्या जनगणनेत मुरगाव पालिकेची लोकसंख्या ९४ हजार, मडगावची ८७ हजार, पणजीची ४० हजार. एकही लाखाला पोचत नाही. म्हणजे शहरागणिक मोजलं तर प्रत्येकाच्या वाट्याला शून्य येतं. पण त्याच जनगणनेप्रमाणे गोव्याची ६२ टक्के वस्ती शहरी आहे, सुमारे नऊ लाख. सगळी एकत्र धरली तर नऊ निवारे व्हायला हवेत. गोव्यात एका शहराची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते हे बसमध्ये बसून कळत नाही. हिशेब राज्याचा धरावा, हेच आम्ही दर निवेदनात लिहितो.

प्रोव्हेदोरिया, म्हणजे सार्वजनिक साहाय्य संस्था, पोर्तुगीज काळापासून आहे आणि तिचे वृद्धाश्रम आहेत. म्हाताऱ्या माणसासाठी आधी तिथंच विचारा. चाळिशीतल्या हमालाला आज रात्री अकरा वाजता पाठ टेकायला जागा हवी असेल तर मात्र वृद्धाश्रमाचा त्याला उपयोग नाही. देवळांच्या अग्रशाळांत, म्हणजे भाविकांच्या धर्मशाळांत, खोल्या असतात, पण तिथंही नाव, गाव, ओळखपत्र लागतंच.

फेब्रुवारीच का? गोव्यात तर तेव्हा सुखाची हवा असते.

बरोबर आहे. पाऊस नाही, घाम नाही, पहाटे थोडं दंव पडतं तेवढंच. आम्ही सोपा महिना निवडला आहे हे आम्हाला माहीत आहे. गोव्यात बेघर माणसाचा वैरी थंडी नाही, पाऊस आहे. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ओल्या फरशीवर पाठ टेकता येत नाही, म्हणून माणसं बसून झोपतात. कपडे वाळत नाहीत, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, खरूज पसरते. फेब्रुवारीत पैसे जमवले तर ते ७ जूनला मृग लागायच्या आत कामाला लावता येतात. आमच्या कॅलेंडरवर ठळक तारीख त्या रात्रीची नसते, मृगाची असते.

पैसे नेमके कशावर खर्च होतात?

सगळ्यात जास्त खोलीच्या डिपॉझिटवर. बेघर माणूस महिन्याचं भाडं कमावतो हे ऐकून लोकांना नवल वाटतं. त्याच्याकडे नसतं ते दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, आणि मालकाला “हो, मी याला ओळखतो” असं सांगणारा माणूस. डिपॉझिट देणगीतून जातं. ओळख सांगायचं काम आमच्यातले दोघं-तिघं करतात, आणि मला विचाराल तर ते पैशांहून अवघड आहे.

त्यानंतर कागद. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून काम नाही, असं चक्र असतं. पण ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्यासाठी आधारमध्ये परिचयदात्याची, म्हणजे त्याची ओळख पटवून देणाऱ्या माणसाची, सोय आहे. रेशनकार्ड कर्नाटकातलं असलं तरी इथल्या दुकानात धान्य मिळू शकतं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही ती योजना, आणि गोवा तिच्यात जानेवारी २०२० पासून आहे. कित्येकांना हे ठाऊकच नसतं आणि कार्ड गावच्या पेटीत पडून राहतं. मतदारयादीचंही तसंच. बेघर माणसाला नाव नोंदवताना पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो जिथं झोपतो असं सांगतो तिथं मतदान केंद्राचा अधिकारी एकाहून जास्त रात्री जाऊन खात्री करतो. रात्री एका सरकारी माणसाने फुटपाथवर जाऊन “तुम्हीच ना?” असं विचारायचं, ही तरतूद मला फार आवडते.

उरलेलं औषधं, चष्मे, गावी जायचं तिकीट आणि ताडपत्री यांवर जातं. ब्लँकेटं आम्ही घेत नाही. डिसेंबरात ती सगळेच वाटतात.

देणगीवर करसवलत मिळते का?

पैसे आमच्या गटाकडे येत नाहीत, थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जातात. संस्थेला ८०-जी मान्यता आहे, त्यामुळे जुन्या करपद्धतीत असाल तर सवलत मिळते. रोख दिले तर २,००० रुपयांपर्यंतच धरले जातात. आर्थिक वर्ष संपल्यावर संस्थेकडून १०-बीई प्रमाणपत्र मागून घ्या, नुसत्या पावतीवर भागत नाही.

माझा भाऊ लंडनला आहे. तो पैसे पाठवू शकतो का?

त्याचा पासपोर्ट कुठला, यावर ते ठरतं. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतले पैसे नेहमीच्या बँकमार्गाने पाठवले तरी ती परदेशी देणगी ठरत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, मग ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असो वा नसो, कायद्याने तो परदेशी देणगीदार. अशी देणगी फक्त परदेशी निधी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेलाच घेता येते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातूनच. आपल्याकडे घराघरात दोन्ही पासपोर्ट आहेत, म्हणून हे आधी विचारून घ्या. “मी तुझ्या खात्यावर टाकतो, तू दे” ही पळवाट आम्ही चालू देत नाही.

सोबत काय आणायचं?

अंगावर घ्यायला जाड काही शोधू नका, अंगाखाली काय घालायचं ते बघा. ऊब जमीन ओढून घेते. पुठ्ठ्याच्या थरात हवा अडकते, म्हणून एक सतरंजी आणि तिच्याखाली दोन पुठ्ठे असले की पाठ वाचते. पुठ्ठे बाजारातून आम्ही आणतो. दंवासाठी डोक्याला कापड हवं. पाण्याची बाटली, रोजची औषधं, बॅटरी घ्या. तंबू आणि फुगवायची गादी घरीच ठेवा.

मच्छरदाणी प्रत्येकाला सक्तीची आहे.

साप, डास, कुत्री?

मच्छरदाणीचा आग्रह डासांइतकाच मण्यारीसाठी आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं पुष्कळदा कळत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचली की हा धोका पुष्कळ कमी होतो. जाळी नुसती लोंबती ठेवू नका. पटांगणातलं गवत आम्ही आठवडाभर आधी कापतो, उजेड ठेवतो आणि जवळचं इस्पितळ किती मिनिटांवर आहे ते आधी जाऊन मोजतो. कुणाला काही वाटलंच तर झाडपाला नाही, मांत्रिक नाही, १०८ ला फोन.

खाणं उघडं नसलं की कुत्री त्रास देत नाहीत.

बायकांनी यावं का?

यावं. निम्म्याहून जास्त आम्ही बायकाच असतो. झोपायची जागा वेगळी, फाटकावर एक बाई आणि एक पुरुष, शाळेचं स्वच्छतागृह रात्रभर उघडं.

त्या उघड्या स्वच्छतागृहापाशी मी दरवर्षी अडखळते. रस्त्यावरच्या बाईला पहिला प्रश्न झोपेचा नसतोच, लघवीला कुठे जायचं हा असतो. सार्वजनिक शौचालय रात्री बंद झालं की सकाळपर्यंत दाबून धरायचं. म्हणून ती संध्याकाळपासून पाणी पीत नाही. मग जळजळ, ताप, आणि डॉक्टर सांगणार की भरपूर पाणी प्या. पाळीच्या दिवसांत तर विचारू नका. बसस्थानकावर राहणारी एक बाई मला म्हणाली होती की ती रात्री झोपतच नाही, फेऱ्या मारते, आणि दिवसा देवळाच्या ओट्यावर डोळा लावते. उजेडात, माणसांत. बाजारातलं एक शौचालय रात्रभर उघडं राहावं आणि तिथं राखणीला बाई असावी, एवढ्या एका मागणीसाठी आम्ही पालिकेच्या खेपा घालतो आहोत.

मुलांना आणलं तर?

अठराच्या आतल्यांना रात्री थांबता येत नाही. संध्याकाळच्या गप्पांना जरूर आणा.

मिरामारला किंवा कलंगुटला का नाही? लोक तरी बघतील.

लोकांनी बघावं म्हणूनच नाही. बसस्थानक आणि बाजार तर मुळीच नको, कारण तिथं आपण अंथरूण घातलं की रोज तिथं झोपणाऱ्याला उठावं लागतं. किनाऱ्याचं आणखी एक कारण आहे. फेब्रुवारीत मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबागच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात, आणि माणसांची वर्दळ नि उजेड बघून ती माघारी फिरतात.

पटांगणात रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद होतो, तो सकाळी सहापर्यंत. नियमच तसा आहे, आणि पाहिजेच. दारू प्यायलेल्याला आत घेत नाही, तो कितीही मोठा देणगीदार असला तरी.

फोटो काढता येतील का?

स्वतःचा, संध्याकाळी. झोपलेल्या माणसाचा कुणीही काढायचा नाही, मग तो आमच्यातला असो नाहीतर रस्त्यावरचा. झोपेत माणूस “नको” म्हणू शकत नाही.

एरवी रस्त्यावर कुणी आजारी किंवा भ्रमिष्ट दिसलं तर काय करायचं?

आधी बसा, नाव विचारा, पाणी द्या. आजारी असेल तर १०८, धोका असेल तर ११२, मूल असेल तर १०९८. स्वतःचीच शुद्ध नसलेला, भटकणारा मनोरुग्ण दिसला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे त्याला संरक्षण देणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. त्याला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात न्यावं लागतं, कोठडीत ठेवता येत नाही. बेघर माणसाला हे उपचार मोफत मिळायला हवेत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. गोव्यात अशा उपचारांचं सरकारी इस्पितळ बांबोळीला आहे. चौकीत हे शांतपणे, कायद्याचं साल सांगून बोला. मला दोनदा “ही आमची केस नाही” असं ऐकावं लागलं, आणि दोन्ही वेळा मी तिथून हलले नाही म्हणून गाडी आली.

त्या रात्री खरंच एखादा बेघर माणूस तिथं झोपायला आला तर?

त्याला जागा मिळते, पुठ्ठा मिळतो, चहा मिळतो. कुणी त्याची गोष्ट विचारत नाही. त्याला बोलायचं असलं तर तो बोलतो.

गेल्या खेपेला रात्री अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. इथं काय चाललंय, विचारलं. आम्ही सांगितलं. “घर आसून भायर न्हिदतात?” म्हणाल्या आणि बराच वेळ आमच्याकडे बघत राहिल्या. मग फाटकाजवळची भिंत धरून आडव्या झाल्या. मच्छरदाणी खोचून घ्यायचं त्यांना सांगावं लागलं नाही. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला तेव्हा आम्ही जेमतेम डोळे चोळत होतो. त्यांनी आपली चटई गुंडाळून ठेवली होती, आणि आता माझी गुंडाळत होत्या.